नव्या टाकीतील मासे का मरतात?
(केंद्रशाळेत भरलेल्या शिक्षक-संमेलनातील भाषणाचा मजकूर)



मासे आणि भाजीपाला एकाच पाण्यावर वाढविण्याचा उद्योग अलीकडे काही घरांच्या परसात दिसू लागला आहे. त्यास ‘ॲक्वापोनिक्स’ असे नाव आहे. त्याची रचना साधी असते. एका टाकीत मासे असतात व तिच्या शेजारी अथवा तिच्यावर खडीने भरलेला वाफा असतो. विजेचा लहानसा पंप टाकीतील पाणी वाफ्यात चढवितो आणि ते खडीतून झिरपून पुन्हा टाकीत उतरते. माशांपासून पाण्यात जे उतरते, त्यावर पालक, मेथी, पुदिना, टोमॅटो ही पिके पोसतात व निवळलेले पाणी माशांकडे परत येते. तेच पाणी फिरत राहिल्यामुळे बागेपेक्षा पाणी पुष्कळ कमी लागते. म्हणून टंचाईच्या गावांतही ह्या संचाविषयी कुतूहल उत्पन्न झाले आहे.

परंतु पुष्कळ घरी ह्या उद्योगाची सुरुवात दुःखाने होते. टाकी बसते, मासे येतात, आणि दोन-तीन आठवड्यांच्या आतच ते एकामागून एक उलटे होऊन तरंगू लागतात. घरातील कोणी पाण्याला दोष देतो, कोणी मासे विकणाऱ्याला, तर कोणी दृष्ट लागली म्हणतो. मग टाकी रिकामी करून ब्लीचिंग पावडरीने घासून लख्ख केली जाते, खडी धुऊन उन्हात वाळविली जाते आणि नवे मासे आणले जातात. तेही मरतात. दुसऱ्या खेपेनंतर टाकी साठवणीच्या पाण्यासाठी वापरली जाते आणि पंप माळ्यावर जातो.

त्या घरातील मूल मात्र आपला प्रश्न शाळेत घेऊन येते. “गुरुजी, आमचे मासे का मेले?” ह्या प्रश्नास गावात उत्तर देऊ शकेल अशी व्यक्ती बहुधा शिक्षकच असते. “नशीब” हे उत्तर दिल्यास एका कुटुंबाचा पैसा व उत्साह वाया जातो आणि घटनेचे कारण शोधता येते हा विश्वास त्या मुलाच्या मनात रुजण्याची एक उत्तम संधी हुकते. हे टळावे एवढ्यासाठी ह्या विषयाची मांडणी येथे केली आहे.

पाणी मुरणे म्हणजे काय

ह्या संचात मासे आणि झाडे असे दोनच रहिवासी आहेत असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः तेथे तिसराही रहिवासी असावा लागतो व तो डोळ्यांना दिसत नाही.

माशाने खाल्लेल्या अन्नातील प्रथिने शरीरात खर्ची पडली की अमोनिया उत्पन्न होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. न खाल्लेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदीत वा मोठ्या तलावात तो विरळ होऊन जातो, टाकीत तो साचतो. अमोनिया हे माशांना विष आहे. वाफ्यातील खडीच्या पृष्ठभागावर मात्र दोन प्रकारच्या जीवाणूंची वस्ती होऊ शकते. पहिल्या प्रकारचे जीवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच आहे. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. नायट्रेट माशांना त्या मानाने निरुपद्रवी असते आणि झाडांचे तर ते आवडते खाद्य होय.

शेतकऱ्याच्या मुलास ही गोष्ट नवी नाही. कच्चे शेणखत पिकास जाळते आणि चांगले कुजलेले खत पिकास पोसते, हे तो घरी ऐकतच असतो. खताच्या खड्ड्यात जे काम काही महिन्यांत होते, तेच येथे खडीच्या वाफ्यात व्हावयाचे असते. ह्या कामास लागणारी वस्ती दुकानातून आणलेल्या कोऱ्या टाकीत नसते. ती हवेतून, मातीतून व पाण्यातून हळूहळू येते, वाढते व स्थिरावते. ह्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत हा काळ लांबतो. लोणचे जसे घातल्या दिवशी खाण्याजोगे होत नाही, ते मुरावे लागते, तसेच हे पाणीही मुरावे लागते. न मुरलेल्या पाण्यात मासे सोडणे हेच नव्या टाकीतील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण आहे.

ह्या विलंबाचा पहिला शास्त्रीय पुरावा फार जुना आहे. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि मुंट्झ ह्या दोन शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या काचेच्या नळीतून गटाराचे पाणी सावकाश झिरपू दिले. सुमारे वीस दिवस पाण्यातील अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. त्यानंतर मात्र अमोनिया नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. हे केवळ रासायनिक काम असते तर ते पहिल्या दिवसापासून झाले असते. पुढे त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा काम थांबले. मग थोड्या ताज्या मातीचे पाणी नळीत घातल्यावर ते पुन्हा सुरू झाले. हे काम सजीवांचे आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की ह्या शास्त्रज्ञाने झ्यूरिक येथे ते जीवाणू वेगळे करून दाखविले.

नव्या टाकीच्या मालकाला ह्या प्रयोगात आपली सर्व हकिगत सापडेल. पहिले वीस दिवस त्याच्या खडीतूनही अमोनिया जसाच्या तसा परत येत असतो. आणि मासे मेल्यावर तो जी ब्लीचिंग पावडर वापरतो, ती श्लोसिंग व मुंट्झ ह्यांच्या क्लोरोफॉर्मचेच काम करते. स्थिरावू पाहणारी वस्ती तीमुळे नष्ट होते व दिवसांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. दुसऱ्या खेपेचे मासेही का मरतात, ह्याचे उत्तर येथे मिळते.

थोडा हिशोब

हा विषय वरच्या वर्गांच्या गणितातही घेता येईल. समजा, टाकीत ५०० लिटर पाणी आहे व प्रत्येकी १० ग्रॅम वजनाची २५ बोटुकली सोडली आहेत. त्यांना दररोज १० ग्रॅम खाद्य घातले जाते आणि त्या खाद्यात ३२ टक्के प्रथिने आहेत. अशा १०० ग्रॅम खाद्यापासून सुमारे ३ ग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात उतरते. म्हणजे १० ग्रॅमपासून ०.३ ग्रॅम, अर्थात ३०० मिलिग्रॅम. ते ५०० लिटरमध्ये विभागले असता दर लिटरला दररोज ०.६ मिलिग्रॅमची भर पडते. जीवाणू नाहीत, झाडे कोवळी आहेत व पाणी बदललेले नाही असे धरल्यास पाच दिवसांत हे प्रमाण लिटरला ३ मिलिग्रॅम होते.

ह्या ३ मिलिग्रॅमपैकी किती भाग खरोखर घातक असतो, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे त्याचा आम्ल-विम्ल गुण दाखविणाऱ्या आकड्यावर, तसेच उष्णतामानावर अवलंबून असते. उष्णतामान २५ अंश सेल्सिअस असताना सामू ७ असेल तर अमोनियाचा सुमारे अर्धा टक्का भागच विषारी रूपात असतो. सामू ८ असेल तर सुमारे ५ टक्के आणि सामू ९ झाला तर सुमारे ३६ टक्के. आपल्या हिशोबात ह्याचा अर्थ असा की, विषारी अमोनिया सामू ७ ला लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमहून कमी, सामू ८ ला सुमारे ०.१५ आणि सामू ९ ला १ मिलिग्रॅमहून अधिक होतो. लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे कल्ल्यांना इजा होऊ लागते. अर्धा ते दोन मिलिग्रॅमच्या टप्प्यात पुष्कळ जातींचे मासे मरतात.

दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा कठीण व किंचित विम्लधर्मी असते. शिवाय उघड्या टाकीत शेवाळ माजून पाणी हिरवे झाले, तर ऊन असताना शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि दुपारपर्यंत सामू ९ च्या घरात जाऊ शकतो. सकाळी हिंडणारे मासे दुपारी मेलेले का आढळतात, ह्याचा उलगडा ह्यावरून होतो. टाकीवर सावली करणे व ती झाकणे हा उपाय म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

मरणाची वेळ विचारावी

कारण शोधताना “कोणते औषध घालू?” हा प्रश्न सर्वांत शेवटी यावयास हवा. पहिला प्रश्न “मासे केव्हा मेले?” हा होय. टाकी सुरू झाल्यापासून कितव्या दिवशी व दिवसाच्या कोणत्या प्रहरी मरण आले, एवढे कळले तरी संशयाचे क्षेत्र पुष्कळच लहान होते.

पहिले: सोडल्यापासून काही तासांत अथवा एका दिवसात मासे मेले असतील, तर अमोनियाला दोष देण्याचे कारण नाही; तो साचण्यास वेळच मिळालेला नसतो. अशा वेळी पाण्याची चौकशी करावी. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीने टी.सी.एल. पावडर घातली असल्यास त्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. असे पाणी उघड्या भांड्यात, शक्य तर उन्हात, निदान २४ तास ठेवून मगच वापरावे. कूपनलिकेच्या ताज्या पाण्यात पुष्कळदा प्राणवायू फार कमी असतो. तेही एक दिवस ठेवावे व उंचावरून पडू द्यावे. टाकी सिमेंटची व नवी असेल तर सिमेंटमधील चुना पाण्यात उतरून सामू १० च्याही वर नेतो. असा हौद दोन-तीन आठवडे पाणी भरून, ते वरचेवर बदलून, सामू उतरल्याची खात्री करूनच वापरावा. तांब्या-पितळेचे जोड किंवा जस्ताचा मुलामा असलेला पत्रा पाण्यात असू नये. पिशवीतील माशांना एकदम वेगळ्या उष्णतामानाच्या पाण्यात सोडले असेल, तर तो धक्काही घातक ठरतो. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवून तीत टाकीचे पाणी थोडेथोडे मिसळावे, हीच योग्य रीत आहे.

ह्याच सदरात कीटकनाशकाचा प्रश्न येतो आणि खेड्यात तो विशेष काळजीने विचारला पाहिजे. फवारणीसाठी वापरलेली बादली, घरात मारलेले डासांचे औषध किंवा वाफ्यातील भाजीवर मारलेले मावा-तुडतुड्यांचे औषध, ह्यांपैकी काहीही पाण्यात उतरले तर सर्व मासे एकाच दिवसात मरू शकतात. कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील औषधे तर अत्यल्प प्रमाणातही माशांस मारक आहेत. ह्या वाफ्यावर कोणतीही रासायनिक फवारणी करू नये. कीड हाताने वेचावी अथवा रोगट पान खुडून टाकावे.

दुसरे: मृत्यू चौथ्या दिवसापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत होत असतील, तर पाणी मुरलेले नाही असे समजावे. प्रारंभी अमोनिया वाढतो. मासे सुस्त होतात, खाणे टाकतात, कल्ले लालभडक दिसतात. पुढे जीवाणूंची पहिली वस्ती कामाला लागली की अमोनिया उतरतो, पण दुसरी वस्ती अद्याप दुबळी असल्याने नायट्राइट चढते. नायट्राइट रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. अशा माशाचे कल्ले व रक्त काताच्या रंगाचे, तपकिरी दिसतात. पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

तिसरे: मरण पहाटे येत असेल आणि त्याआधी मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा घेताना दिसत असतील, तर प्राणवायू कमी पडला आहे. रात्री शेवाळ प्राणवायू देत नाही, उलट वापरते. त्यामुळे पहाटेची वेळ सर्वांत अवघड. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. माशांना निदान ५ मिलिग्रॅम मिळावा अशी काळजी घ्यावी. खडीतील जीवाणूही हाच प्राणवायू वापरतात, हे विसरू नये. रात्री वीज जाऊन पंप बंद पडला असेल, तर त्याचीही नोंद येथे घ्यावी.

चौथे: दीड-दोन महिने सर्व सुरळीत चालून मग मासे मरू लागले, तर तीन गोष्टी तपासाव्या. जीवाणूंच्या कामामुळे पाण्यातील विम्लता हळूहळू खर्च होते व सामू उतरतो. तो ६ च्या खाली गेला की त्यांचे कामच मंदावते आणि अमोनिया पुन्हा साचतो. खडीत गाळ साचून सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तेथे प्राणवायू पोहोचत नाही असे समजावे. आणि लहान असताना पुरेशी असलेली टाकी मासे वाढल्यावर अपुरी पडली आहे का, हेही पाहावे. अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत १,००० लिटर पाण्यात माशांचे एकूण वजन २० किलोग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नये असे सुचविले आहे. नवशिक्याने त्याच्या निम्म्यावरच थांबावे.

पाचवे: अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी वा व्रण दिसून मासे अनेक दिवसांच्या अंतराने एकेक करून मरत असतील, तरच रोगाचा संशय घ्यावा. तेव्हाही पाणी वाईट झाल्यामुळे मासा दुबळा होऊन रोग जडला नाही ना, हे आधी पाहावे. माणसांची वा गुरांची औषधे टाकीत घालू नयेत. त्यांतील काही औषधांनी जीवाणूंची वस्ती मरते आणि हेच पाणी पुढे भाजीपाल्यात जाते.

तातडीचे उपाय

मासे मरू लागले आहेत, पण काही अजून जिवंत आहेत, अशा वेळी पुढील क्रम पाळावा. मेलेले मासे ताबडतोब काढून मातीत पुरावेत व हात साबणाने धुवावेत. असे मासे खाऊ नयेत. दोन दिवस खाद्य पूर्णपणे बंद करावे. निरोगी मासा काही दिवस सहज उपाशी राहू शकतो, आणि खाद्य थांबले की विषाचा उगम आटतो. मग टाकीतील एक-तृतीयांश ते निम्मे पाणी काढून, क्लोरीन नसलेले व जवळपास त्याच उष्णतामानाचे पाणी घालावे. काढलेले पाणी परसबागेतील झाडांना द्यावे. पंप व हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. वीज नसेल तर घरातील माणसांनी आळीपाळीने तांब्याने टाकीचेच पाणी उंचावरून ओतत राहावे. हा उपाय कष्टाचा असला तरी मासे वाचवितो.

कल्ले तपकिरी झाल्याचे दिसल्यास ५०० लिटर पाण्यास ८० ते १०० ग्रॅम खाण्याचे मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. एवढ्या मिठाने बहुतेक भाज्यांना अपाय होत नाही, परंतु ते पुन्हा पुन्हा घालू नये.

आणि खडी धुऊ नये. शिक्षकाने पालकास आवर्जून सांगावयाची गोष्ट हीच आहे. शाळेत वर्षभर स्वच्छतेचा पाठ दिला जातो. त्यामुळे बुळबुळीत खडी दिसली की ती घासून काढावी असे मुलांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पिण्याच्या पाण्याचा माठ आणि हा वाफा ह्यांची स्वच्छता भिन्न आहे. खडीवरचा पातळ बुळबुळीत थर म्हणजेच जीवाणूंचे घर होय. गाळ फारच साचला तर थोडीशी खडी टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावी. नळाचे पाणी, साबण व ब्लीचिंग पावडर तिला लावू नये.

टाकी पुन्हा सुरू करताना

सर्व मासे गमावलेल्या कुटुंबाने लगेच नवे मासे आणू नयेत. संच चालू ठेवावा, पंप फिरता ठेवावा, झाडे राहू द्यावीत आणि माशांवाचूनच पाणी मुरू द्यावे. त्यासाठी दररोज चिमूटभर मासळीचे खाद्य टाकीत टाकावे. ते कुजून होणारा अमोनिया जीवाणूंना अन्न पुरवितो. ज्याची टाकी जुनी व चांगली चालू आहे आणि जिच्यातील मासे निरोगी आहेत, अशा कोणाकडून ओंजळभर ओली खडी आणून वाफ्यात मिसळली, तर काम लवकर होते. दुधाला विरजण लावण्याचाच हा प्रकार आहे. मात्र ही खडी वाटेत वाळू देऊ नये.

पाणी मुरले किंवा नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. स्वच्छ दिसणारे पाणी विषारी असू शकते. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांतून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व सामू तपासण्याची थेंबांची साधने मिळतात. दोन-चार घरांनी अथवा शाळेने मिळून एक संच घेतल्यास खर्च वाटला जातो. रोज थोडे खाद्य टाकूनही अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आले आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे पाणी मुरले. त्यानंतर ठरविलेल्या संख्येच्या चौथाई मासेच प्रथम सोडावेत व दोन आठवडे पाहून मग पुढचे आणावेत. खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढेच घालावे. उरले तर ते जाळीने काढून घ्यावे.

माशांची निवडही विचारपूर्वक व्हावी. आरोग्य विभागामार्फत डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडले जाणारे गप्पी मासे काटक असतात व शिकण्याच्या काळात तेच सोयीचे. खाण्यासाठी मासे वाढवावयाचे असल्यास सायप्रिनससारखी सोशीक जात पुढे घ्यावी व मत्स्यव्यवसाय विभागाच्या तालुक्यातील वा जिल्ह्यातील अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. टाकीतील कोणतेही मासे ओढ्यात किंवा नदीत सोडू नयेत. बाहेरून आलेल्या जाती तेथील मूळच्या माशांना हुसकून लावतात.

वर्गातील उपयोग

ज्या मुलाच्या घरी हा संच आहे, त्यास एक नोंदवही घालून द्यावी. दिनांक, सकाळचे व दुपारचे पाण्याचे उष्णतामान, घातलेले खाद्य ग्रॅममध्ये, बदललेले पाणी लिटरमध्ये, पंप किती वेळ बंद होता, मासे कसे वागले आणि किती मेले, एवढे रकाने पुरेत. महिनाभराची अशी नोंद समोर ठेवली असता मृत्यूचे कारण शिक्षकास सांगावे लागत नाही. मुलेच ते वाचून दाखवितात. परिसर अभ्यास, गणित व भाषा ह्या तिन्ही विषयांना त्यातून काम मिळते. विजेचा पंप मोठ्या माणसानेच हाताळावा. ओल्या हाताने बटणास वा वायरीस स्पर्श करू नये, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा.

एक गोष्ट विशेष जपावयाची आहे. नव्या टाकीत अधिक खाद्य पडण्याचे कारण पुष्कळदा मुलाची माया हेच असते. मासे पाहावयास आवडतात, खाणे टाकले की ते वर येतात, म्हणून मूल दिवसातून पाच वेळा खाणे टाकते. मासे मेल्यावर “तूच मारलेस” असे घरात कोणी बोलून गेलेले असते, आणि ते वाक्य मनात घेऊन मूल वर्गात बसलेले असते. शिक्षकाने त्याच्याकडून कबुली काढण्याचा प्रयत्न करू नये. सर्व वर्गाला वरील हिशोब फळ्यावर करून दाखवावा आणि पाच वेळा खाद्य घातले तर आकडा किती होतो, हे त्या मुलालाच काढू द्यावे. आपल्या हातून काय घडले हे त्यास त्या आकड्यावरून कळेल. त्याबरोबर पुढे काय करावयाचे हेही कळेल. नंतर त्याच मुलाकडे खाद्य तोलून देण्याचे काम सोपवावे. खाद्य तोलण्याची जबाबदारी मिळालेले मूल टाकीपासून दूर पळत नाही.

येत्या सत्रात ज्या गावांत असे संच आहेत, तेथील शिक्षकांनी पालकांस टाकी धुण्यापूर्वी शाळेत विचारून जाण्यास सांगावे, मुलांच्या नोंदवह्या पाहाव्यात आणि महिनाअखेरच्या केंद्र संमेलनात त्या सोबत आणाव्यात, अशी अपेक्षा आहे.